दिवेलागण

गुवाहाटीत येऊन परवा आम्हाला सहा महिने झाले. "काय गं, रुळलात का?" असं मावशीपासून सगळे विचारतात आणि "हो, छान आहे" म्हणून मी मोकळी होते. फोनवर तेवढंच सांगता येतं. म्हणून म्हटलं, आज जरा बैजवार लिहावं.

माझी बदली झाली ती तीन वर्षांसाठी. नवरा घरूनच काम करतो, त्यामुळे त्याला पुणं काय आणि गुवाहाटी काय, सारखंच. लेक सहावीत. त्या वयातला मुलगा रेल्वेच्या डब्यातही तासाभरात दोन मित्र करतो. प्रश्न होता तो बाबांचा. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी एकुलती एक. पुण्यात असताना आमची घरं दहा मिनिटांच्या अंतरावर होती, त्यामुळे बाबा कोथरूडच्या घरी एकटे असूनही एकटे नव्हते. पण इथून पुणं सरळ रेघेत मोजलं तरी दोन हजार किलोमीटर. शहात्तर वर्षांच्या माणसाला एवढ्या लांबून कसं सांभाळणार?

"लेकीच्या घरी किती दिवस राहायचं असतं?" बाबांनी विचारलं.

"तीन वर्षं," मी म्हटलं. सगळे हसले. बाबाही हसले. आणि विषय संपला.

आता विचार केला की वाटतं, मी बाबांना विचारलंच नव्हतं. नुसतं कळवलं होतं.

आम्ही आलो नोव्हेंबरात. पहिला धक्का बसला तो उजेडाचा. इथे त्या दिवसांत साडेचारच्या सुमाराला सूर्य बुडतो. लेक शाळेतून येऊन दूध पिईपर्यंत बाहेर काळोख! पाच वाजता रस्त्यावरचे दिवे लागलेले पाहून पहिले काही दिवस मला सारखं वाटायचं, अरे, आपल्याला घरी जायला उशीर झाला.

याचा हिशेब तसा सोपा आहे. आपल्या सगळ्या देशाचं घड्याळ एकच, साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाचं. पुणं साधारण चौऱ्याहत्तर रेखांशावर आणि गुवाहाटी जवळजवळ ब्याण्णववर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर सूर्याच्या लेखी गुवाहाटी पुण्याच्या सव्वा तासाच्या आसपास पुढे आहे. इथल्या चहाच्या मळ्यांनी इंग्रजांच्या काळापासून यावर आपला तोडगा काढलाय. मळ्यातलं घड्याळ एक तास पुढे. त्याला 'बागान टाइम' म्हणतात. 2014 साली तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी आसामला वेगळी प्रमाणवेळ हवी असं म्हटलं होतं, पण ते काही झालं नाही. मळ्याबाहेर घड्याळ दिल्लीचं आणि सूर्य आसामचा.

हे सगळं मी बाबांना कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांना समजलंही. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं.

आमच्याकडे आई बरोबर सात वाजता देवापाशी दिवा लावायची. ती गेल्यावर ते काम बाबांनी आपणहून घेतलं. इथेही ते सातलाच दिवा लावायचे. म्हणजे अंधार पडून अडीच तास झाल्यावर, ट्यूबलाइटच्या उजेडात. आमच्या समोरच्या बैठ्या घरातल्या काकू (इथे काकूला 'खुरी' म्हणतात) तुळशीपाशी पणती लावतात, तिला 'साकि' म्हणतात. ती साडेचारलाच लागलेली असायची. मी म्हणायचे, "बाबा, अंधार पडला. लावा ना दिवा."

"अजून वेळ झाली नाही."

आणि मग ते बाल्कनीत अंधारात खुर्ची टाकून बसून राहायचे. सातची वाट बघत.

सकाळीही तेच. पुण्यात उजाडायच्या कितीतरी आधी इथे पडद्यातून उजेड यायचा, तरी हे आपले कूस बदलत पडून. का, तर "तिकडे आत्ता कुठे तांबडं फुटतंय." त्यांचा देह इथे होता आणि घड्याळ कोथरूडला.

भाषेचीही गंमत सांगते. बाबा जन्मभर मुद्रितशोधक होते. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी ज्यांचा दिवस खराब जातो, त्या माणसाला मी अशा गावी आणलं जिथे च चा उच्चार स होतो आणि स चा ख आणि ह च्या मधला काहीतरी! चहा म्हणजे 'साह'. तांदूळ 'साउल', पण लिहायचं 'चाउल'. "लिहितात एक आणि बोलतात एक," बाबा वैतागून म्हणाले. त्यावर लेक म्हणाला, "आजोबा, आपण तरी चहा मधला च आणि चमचा मधला च सारखा कुठे म्हणतो?" बाबांनी चमकून त्याच्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

पण डिसेंबरात एका रात्री ते पुण्याच्या मित्राशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "हो हो, मजेत आहे. सगळं छान आहे." अगदी तोच सूर, जो मी मावशीशी बोलताना लावते. मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गुपचूप कोथरूडच्या शेजाऱ्यांना फोन करून चौकशी केली, दोन वेळचं करायला आणि रात्री सोबतीला कोणी मिळेल का. बाबांना परत पाठवायचं, असं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

ते लांबलं ते समोरच्या मास्तरांमुळे. खुरींचे यजमान. शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. खांद्यावर गामोसा, तोंडात तामुल, म्हणजे आपली सुपारी. एक दिवस ते सहज आले आणि बाबांना हिंदीत म्हणाले, "आप तो शिवाजी महाराज के मुलुक से हैं। चलिए, आपको शराईघाट दिखाते हैं।"

शराईघाट म्हणजे गुवाहाटीजवळची ती जागा, जिथे ब्रह्मपुत्र अरुंद होतो. (होतो! ब्रह्मपुत्र पुरुष आहे, नदी नव्हे, नद. माझं अजून चुकतं.) 1671 साली इथे आहोमांचा सेनापती लाचित बरफुकन याने आजारी असताना नावेत चढून मोगलांना हरवलं. मास्तर हे रंगवून सांगत होते आणि बाबा आपले शिष्टाचार म्हणून मान डोलवत होते. मग मास्तर म्हणाले, मोगलांचा सेनापती होता राजा रामसिंह.

बाबा थांबले. "कोण रामसिंग? मिर्झाराजांचा मुलगा?"

तोच! आग्र्याला 1666 साली महाराजांचा जामीन राहिलेला रामसिंग. महाराज निसटले आणि बादशहाची मर्जी याच्यावरून उडाली. पुढे त्याला आसामच्या मोहिमेवर धाडलं, ती त्या रागाची शिक्षाच होती असं मानतात. बाबांना रामसिंगाचं आग्र्यापर्यंतचं आयुष्य पाठ होतं आणि मास्तरांना त्याच्या पुढचं. दोघांकडे एकाच गोष्टीचे दोन अर्धे भाग. बाबा घरी आले ते मोठ्याने बोलतच. त्यात मास्तरांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या सर्वोत्तम छात्राला 1999 पासून लाचितच्या नावाचं सुवर्णपदक देतात. "जन्मभर खडकवासल्याचं पाणी प्यायलो मी," बाबा म्हणाले, "आणि मला हे माहीत नव्हतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला बाबा बूट घालून तयार. मास्तर म्हणे लवकर निघतात.

त्यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. बाबांना इथली दमट हवा सोसत नाही. मासळी बाजारावरून जाताना ते अजून नाकाला रुमाल लावतात. पण जमेच्या बाजूलाही हळूहळू काही पडायला लागलं. मास्तरांकडे पहिल्यांदा 'जलपान' झालं तेव्हा वाटीत काय होतं? दही, चिरा आणि गूळ. चिरा म्हणजे पोहे! "अहो, हा तर आपला दहीकाला," म्हणून बाबांनी दोनदा मागून घेतलं. जोहा नावाचा इथला बारीक वासाचा तांदूळ शिजताना त्यांना आंबेमोहोराची आठवण होते. आता ते गल्लीतल्या पाट्या अक्षर लावत वाचतात. बंगालीतला र आणि असमियातला र वेगळा, हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने दाखवलं.

जानेवारीत संक्रांतीला मी तिळाचे लाडू केले आणि डबा भरून समोर गेले. मनात, आता यांना तीळगूळ म्हणजे काय ते समजावून सांगू. खुरींनी दार उघडलं तर त्यांच्या हातात ताट, आमच्याकडेच यायला निघालेल्या. ताटात तिळाचे लाडू! आणि तांदळाच्या पिठाच्या पातळ गुंडाळीत काळे तीळ आणि गूळ भरलेला तिल पिठा. त्यांचा माघ बिहू आणि आपली संक्रांत एकाच सुमाराला येते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. समजावून सांगायचं काही उरलंच नाही. डबा रिकामा परत देऊ नये ही रीत दोन्हीकडे असावी, कारण तेव्हापासून तो एक डबा आमच्या दोन घरांमध्ये फिरतोच आहे. आता तो मूळचा कोणाचा ते दोघींनाही आठवत नाही :-)

कोथरूडच्या शेजाऱ्यांना मी परत फोन केला नाही. पण मनातली टोचणी गेली नव्हती.

आणि मग एप्रिलमधली एक संध्याकाळ. बहाग बिहूचे दिवस. दुपारपासून आभाळ भरलं होतं. पाचच्या सुमाराला असा वारा सुटला की समोरच्या घराचा पत्रा खडखडायला लागला आणि वीज गेली. खुरी आणि मास्तर आमच्याकडेच बसले होते. खुरी म्हणाल्या, ही बोरदोइसिला. लांब दिलेली मुलगी आहे. बिहू आला की तिला आईकडे जायची घाई होते. मग ती केस मोकळे सोडून धावत सुटते. वाटेत झाडं पडोत, छपरं उडोत, तिला भान नसतं. चार दिवस राहून परत फिरते, तेव्हा पुन्हा एकदा वादळ.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते अंधारात कोणाला दिसलं नसावं. ती मंडळी घरी गेल्यावर मी बाबांना उगाच हसत म्हटलं, "बोरदोइसिलेचं बरं आहे. मी धावत सुटले तर जाऊ कुठे? आई नाही, घराला कुलूप, आणि तुम्ही इथे."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहेर तुझं गेलं नाही गं. माहेर सोडून तर मी आलोय."

मला वाटलं, झालं, आता बोलणार. पण ते बोलले ते आईबद्दल.

"तुझी आई गुहागरहून आमच्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुण्यात रात्री समुद्राचा आवाज येत नाही म्हणून तिला झोप लागायची नाही. आमटीत खोबरं जरा जास्त पडलं की माझी आई म्हणायची, हे कोकण नव्हे. आणि मी? मी पेपर वाचत असायचो. एकोणपन्नास वर्षं संसार केला, पण करमतं का, असं तिला मी एकदाही विचारलं नाही. तिने ते सगळं विसाव्या वर्षी कसं केलं असेल, ते मला शहात्तराव्या वर्षी कळतंय."

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. मी म्हटलं, "बाबा, मी पण तुम्हाला विचारलं नव्हतं."

"मग विचार आता."

"करमतं का इथे?"

त्यांनी खरंच विचार केला. "सकाळी करमतं," ते म्हणाले. "संध्याकाळी नाही."

एवढंच. मला आईची आठवण येते म्हणाले नाहीत, परत जायचंय म्हणाले नाहीत. पण सहा महिन्यांत आमच्या घरात बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. "छान आहे" पेक्षा कितीतरी बरं.

मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, कोथरूडचं घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. पाऊस संपला की बाबांना महिनाभर तिकडे न्यायचं, खिडक्या उघडायच्या, मित्रांना भेटायचं. त्यानंतर परत यायचं की नाही ते त्यांनी तिथे बसून सांगायचं. मी नुसतं विचारायचं. दुसरी गोष्ट, संध्याकाळी बाल्कनीत त्यांना एकटं बसू द्यायचं नाही. कोणी ना कोणी सोबत असायचं, मोबाइल आत ठेवून.

आता मे आहे. सूर्य सहाच्या पुढे मावळतो, म्हणजे बाबांच्या सातला आता तासाभराचंच अंतर उरलंय. पण गेले काही दिवस बघते, ते सातपर्यंत थांबत नाहीत. बाल्कनीत बसून समोरच्या अंगणाकडे बघत असतात. खुरींची साकि लागली की हळूच उठतात, आत जातात आणि काडी ओढतात.

काल मी विचारलं, "काय बाबा, आज सात वाजायच्या आधीच?"

"अंधार पडला की दिवा लावायचा असतो," बाबा म्हणाले. "तुझी आईसुद्धा घड्याळ बघून लावत नव्हती."

ती घड्याळ बघूनच लावायची. मला चांगलं आठवतंय. पण मी काही बोलले नाही.