सर्जाचं जातं

बालमित्रांनो, तुम्ही कधी बैलाच्या तोंडात डोकावून पाहिलंय? शहरातल्या मुलांनी बहुधा नसेल पाहिलं. पण बैलबाजारात गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दातच बघतं. दुधाचे दात पडून कायमचे दोन आले, की बैल ‘दोन दाती’, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा. मग चार दाती, सहा दाती. आठही आले की तो ‘जुळला’. दात म्हणजे बैलाचा जन्माचा दाखलाच!

आमच्याकडे सर्जा नावाचा बैल होता. तो चार दाती असताना आबांनी विकत आणला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. ही गोष्ट १९८८ च्या उन्हाळ्यातली. मी सहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो आणि सर्जाला वैरण घालायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात मी एक चूक केली. आज तीच तुम्हांला सांगणार आहे.

झालं असं, की सर्जा भिजवलेली पेंड चट्कन खायचा, पण कडबा टाकला की नुसता चघळायचा आणि बोळा करून खाली टाकायचा. मला वाटलं, म्हातारपणी याला नखरे सुचायला लागले! अद्दल घडवायची म्हणून मी त्याची पेंडच बंद केली. कडबा खाल्ल्याशिवाय पेंड नाही! आबांना काही बोललो नाही. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सर्जाच्या बरगड्या मोजता येत होत्या.

आबांच्या ते लगेच लक्षात आलं. मी खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण आबा एवढंच म्हणाले, “हिकडं ये. त्याचं तोंड बघ.”

त्यांनी सर्जाचं तोंड उघडून धरलं. पहिलं आश्चर्य म्हणजे वरच्या जबड्यात पुढे दातच नव्हते, नुसती कडक हिरडी! मी म्हटलं, “आबा, वरचे सगळे पडले की हो!” आबा हसले. “आरं, ते कुठल्याच बैलाला नसत्यात. खालचं बघ.” खालचे आठ दात झिजून खुंट झाले होते. आत दोन्ही बाजूंच्या दाढाही गुळगुळीत झालेल्या. आबा म्हणाले, “जातं झिजलं की पीठ पडंल का?”

मित्रांनो, ते वाक्य मी विसरलेलो नाही. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलो, तेव्हा कळलं की आबांनी दिलेली उपमा अगदी बरोबर होती. गाय-बैल जिभेने गवत ओढतात, खालचे दात आणि वरची हिरडी यांत धरून ते तोडतात आणि दाढांनी दळतात. रवंथ करणाऱ्या गाईचा जबडा नीट बघा. तो वर-खाली कमी आणि आडवा जास्त फिरतो, जात्यासारखा. तिच्या दाढेवर कडक इनॅमलचे कंगोरे असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ भाग. मऊ भाग आधी झिजतो, म्हणून कंगोरे वर राहतात. जात्याला टाकी लावून घ्यावी लागते, पण दाढेला आपोआप टाकी लागते!

आता मांजर जांभई देईल तेव्हा बघा. पुढे लांब सुळे, मागे धारदार दाढा. तिचा जबडा बिजागरीसारखा फक्त वर-खाली होतो आणि दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. मांस कापायचं असतं, दळायचं नसतं. उंदराची तऱ्हा तिसरीच. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. इनॅमल फक्त समोरच्या बाजूला असल्यामुळे मागची बाजू आधी झिजते आणि सुताराच्या पटाशीसारखी धार कायम राहते.

हे असं कसं घडलं? घोड्याचं उदाहरण घ्या. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत घोड्याचे पूर्वज राहत होते. ते कुत्र्याएवढे होते, कोवळा पाला खायचे आणि त्यांच्या दाढा बुटक्या होत्या. पुढे तिथे गवताळ मैदानं पसरली. गवतात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, शिवाय त्याच्यावर धूळ बसते. त्यामुळे दात लवकर झिजतात. ज्यांच्या दाढा जन्मतःच जरा उंच, ते जास्त वर्षं चरले, जगले आणि त्यांची पिल्लंही जास्त झाली. उंच दाढा पिल्लांकडे गेल्या. कोणत्याही घोड्याने ‘मला उंच दात हवेत’ असं ठरवलं नव्हतं. लाखो पिढ्यांत ही निवड आपोआप होत गेली.

तरीसुद्धा दात कधीतरी संपतातच. हत्तीच्या जबड्यात दाढा एकामागून एक पुढे सरकतात. जुनी झिजली की मागून नवी, अशा आयुष्यात एकूण सहा दाढा येतात. सहावी झिजली, साधारण साठीच्या सुमारास, की एवढा बलाढ्य हत्तीसुद्धा पोटभर खाऊ शकत नाही.

सर्जाचंही तसंच झालं होतं. शेजारी म्हणाले, “बाजार दाखवा त्याला.” आबा म्हणाले, “त्यानं आमचं दळण चौदा वर्षं दळलं. आता आम्ही त्याचं दळू.” तेव्हापासून मी रोज कडबा विळीवर बारीक कापायचो, कोंडा आणि पेंड भिजवून घालायचो. हाताला फोड आले, पण तक्रार केली नाही. सर्जा त्यानंतर दोन पावसाळे जगला. सकाळी टोपलं घेऊन गेलो की माझा हात चाटायचा. चार दिवसांचा माझा शहाणपणा त्याने केव्हाच विसरून टाकला होता. मी मात्र विसरलो नाही.

आता आरशासमोर उभे राहा आणि ‘आ’ करा. पुढे कापणारे दात, बाजूला छोटे सुळे, मागे दळणाऱ्या दाढा. आपण सगळंच खातो, म्हणून थोडं थोडं सगळंच आपल्याकडे आहे. आणि घरात आजी-आजोबा ताटात भाकरी तशीच ठेवून उठले, तर ‘नखरे’ म्हणू नका बरं! आधी ती दुधात कुस्करून देऊन बघा.