शेंदूरजनाघाटची धोकटी



वरुडहून शेंदूरजनाघाटची वाट धरली की सातपुड्याची निळी रांग हळूहळू जवळ येऊ लागते. डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. अलीकडे पायथ्याशी संत्र्याच्या बागा, आणि बागांहूनही ज्यांचे नाव दूरवर गेले आहे अशा पन्हेऱ्या, म्हणजे कलमांच्या रोपवाटिका. वरुड-मोर्शीच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात हे तुम्ही ऐकले असेलच. या भागातली कितीतरी झाडे बागेत जाण्याआधी शेंदूरजनाघाटच्या मातीत वाढलेली असतात.

गेल्या हिवाळ्यात मी तेथे गेलो तो एका तरुण शेतकऱ्याबरोबर, त्याच्या नव्या बागेसाठी कलमे पाहायला. पण आज मी तुम्हाला कलमांपेक्षा वस्तऱ्याची गोष्ट सांगणार आहे. कृषी खात्याचा माणूस आणि वस्तरा कुठे जुळले, असे म्हणाल. ऐका तर.

झाले असे की या तरुणाच्या मनात वस्तऱ्याने घरीच दाढी करायचे आले. दर आठवड्याला ब्लेड फेकायचे, दुकानात रांग लावायची, याचा त्याला कंटाळा आला होता. शिवाय दुकानात एकच ब्लेड दोघातिघांना चालवलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने घरबसल्या एक चकचकीत पेटी मागवली. आत वस्तरा, ब्रश, वाटी, पट्टा, सगळे होते. फक्त धार नव्हती! पहिल्याच दिवशी हनुवटीवर दोन ठिकाणी कापले आणि पेटी कपाटावर गेली.

हे ऐकून मी घरातून निघताना माझ्या पिशवीत आणखी एक वस्तरा टाकला. माझ्या वडिलांचा. पात्यावर शेफिल्डचा ठसा असलेला, आणि माझ्याच हाताने नासलेला.

पन्हेरीत पोचलो तेव्हा डोळे बांधण्याचे काम चालू होते. जंभेरीच्या खुंटाला जमिनीपासून वीतभर वर चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, निवडलेल्या झाडाच्या काडीवरचा डोळा कापून आत सरकवायचा आणि पट्टीने बांधायचे. हात इतके सराईत की पाहणाऱ्याची नजर मागे पडते. मध्येच एका कारागिराने चाकू स्वतःच्या मनगटावर फिरवला. लव साफ उतरली. आमच्या तरुणाने विचारले, "भाऊ, ही धार कुठं लावता?" तो म्हणाला, "गावात काकाजी हायेत नं. जुने कारागीर. त्यायच्याच हातची धार टिकते."

काम आटोपून आम्ही काकाजींकडे गेलो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. दुकान आता मुलगा चालवतो. काकाजी ओसरीवर धोकटी घेऊन बसतात. धोकटी म्हणजे नाभिकाची पिशवी, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. वस्तरा, कात्री, नखे काढायची नराणी, पथरी, चामड्याचा पट्टा, वाटी, तुरटीचा खडा. एके काळी एवढ्या सामानावर काकाजींनी आसपासची घरे सांभाळली आणि सुगीला खळ्यावर ज्वारीचे बलुते घेतले. या धोकटीला लहान समजू नका. संत सेना महाराजांनी याच हत्यारांच्या भाषेत भक्ती सांगितली. आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायला नकार दिला. हत्यार कुठे चालवायचे नाही, हेही कारागिराला कळावे लागते.

मी वडिलांचा वस्तरा पुढे केला. काकाजींनी तो उजेडात धरला आणि माझ्याकडे पाहिले.

"कोनं घासला हा? इळा समजला का?"

मी खाली पाहिले. अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. सुटीत घरी आलो होतो. वडील शेतात गेलेले. त्यांचा वस्तरा आपणच लावून ठेवावा आणि त्यांना खूश करावे, म्हणून मी तो विळ्याच्या खरबरीत दगडावर पाठ उचलून घासला. धारेला दात पडले. वडील काही बोलले नाहीत. वस्तरा कापडात गुंडाळून त्यांनी पेटीत ठेवला आणि पुढे शेवटपर्यंत ब्लेडने दाढी केली. बोलले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

काकाजींनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पोलाद मेलं नाही. थोडं रुंदीतून जाईन. बसा."

त्या दुपारी त्यांनी जे दाखवले ते तुमच्यासाठी लिहून आणले आहे. पहिली गोष्ट अशी की दगडावर वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली राहिली पाहिजेत. वस्तऱ्याची जाड पाठच कोन ठरवते, आपण ठरवायचा नाही. विळ्यासारखी पाठ उचलली की धार गेली. दगडावर धार पुढे ठेवून पाते न्यायचे. पट्ट्यावर उलटे: पाठ पुढे, धार मागे. वळवताना पाठीवर वळवायचे, धारेवर कधीच नाही. दगड धार तयार करतो; पट्टा रोजची झिजलेली धार सरळ करतो. दगड काही महिन्यांतून एकदा, पट्टा दर दाढीला. आधी मागच्या कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास.

तरुणाने आपली चकचकीत पेटी उघडली. काकाजींनी पाते काचेवर आडवे ठेवले. ते डुगडुगले. "हे वाकडं हाय. हे पोराले शोभेले ठेवून द्या."

मग त्याने विचारले, "काकाजी, सुरुवातीला घेऊ तरी काय?" तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल तर उत्तर असे:

१) आधी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घ्या. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. हात बसेपर्यंत हाच बरा, आणि पुष्कळांना पुढेही हाच पुरतो. ब्लेड दर वेळी नवे.

२) खरा वस्तरा घ्यायचा तर पाते पाच-सहा सूत रुंद, टोक गोल आणि दोन्ही बाजू खोलगट असाव्यात. टोकदार वस्तरा नवख्याने घेऊ नये. जर्मनीतल्या सोलिंगेनचे नवे वस्तरे चांगले, पण त्यांना काही हजार रुपये पडतात. घरात आजोबांचा असेल तर तो आधी पाहा. गंज पाठीवर असेल तर चालेल. धारेजवळ खड्डे पडले असतील तर नाद सोडा. तो दगडावर लावून, साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून घ्या, आणि त्यानंतर तो एकाच माणसाचा.

३) चामड्याचा पट्टा अडीच-तीन इंच रुंद घ्या. पहिला स्वस्तातला घ्या, कारण नवखा हात त्याला चिरा पाडणारच.

४) पथरी सुरुवातीला घेऊच नका. जाणत्याकडून धार लावून घ्या आणि वर्षभर नुसता पट्टा शिका.

५) ब्रश, साबण, वाटी आणि स्वतःचा तुरटीचा खडा. दाढी झाली की पाते पुसून कोरडे करा आणि तेलाचे बोट फिरवा. साध्या पोलादाला पाण्याचे थेंब खातात.

वापरण्याची रीतही थोडक्यात सांगतो. स्नानानंतर दाढी मऊ असते. साबणाचा फेस भरपूर हवा. कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरा. पाठ गालापासून पात्याच्या निम्म्या रुंदीइतकी उचला, त्याहून जास्त नको. केसांच्या दिशेनेच न्या, आडवे कधी सरकवू नका. पहिले पंधरा दिवस फक्त गाल करा. हनुवटी आणि ओठावर नेहमीचे ब्लेड. वस्तरा हातातून पडला तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या! मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर या वाटेला जाऊ नये. आणि घरात लहान मुले असतील तर वस्तऱ्याची जागा कुलपात.

आता म्हणाल, ब्लेड असताना एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेत किंग जिलेट यांना १९०४ साली फेकण्याच्या ब्लेडच्या रेझरचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात तिथल्या सैनिकांना असे रेझर दिले गेले आणि घरीच दाढी करण्याची सवय पसरली. सोय झाली यात शंका नाही. मी कोणाला ब्लेड सोडायला सांगत नाही. पण धार कोणतीही असो, एक नियम सर्वांना सारखा आहे.

तो नियम मला त्या दिवशी पन्हेरीत पुन्हा दिसला. कारागीर एका मातृवृक्षाच्या काड्या संपवून दुसऱ्याच्या घेण्याआधी चाकू औषधाच्या पाण्यात बुडवत होता. हे पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे एक टक्क्याचे द्रावण. संत्रावर्गात एक्सोकॉर्टिस नावाचा रोग आहे. तो चाकूला लागलेल्या रसातून एका झाडाचा दुसऱ्याला जातो. डोळा देणारे झाड वरून निरोगी दिसते. पण खुंट रंगपूर लिंबाचा असेल तर पुढे त्याची साल सोलपटते आणि झाड खुरटते. बाग लावणाऱ्याला कळते तेव्हा वर्षे गेलेली असतात.

माणसाचेही तसेच. हिपॅटायटिस बी ही काविळीची जात रक्तातून पसरते. तिचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशानेही तो एका गालावरून दुसऱ्या गालावर जाऊ शकतो. वरून निरोगी दिसणारा माणूस तो बाळगून असू शकतो, अगदी त्या झाडासारखा. म्हणून दुकानात गेलात तर नवे ब्लेड डोळ्यांसमोर फोडायला सांगा. संकोच करू नका. काकाजींचा मुलगा न सांगता फोडतो. आणि घरात बापलेकांनी, भावाभावांनी एक वस्तरा, एक ब्लेड कधी वापरू नये. या रोगावर लस आहे, तीही डॉक्टरांना विचारून घ्या.

ऊन उतरायला लागले तेव्हा काकाजींनी वडिलांचा वस्तरा शेवटचा पट्ट्यावर फिरवला. पाते एका जवाएवढे अरुंद झाले होते, पण दात गेले होते. त्यांनी माझ्याच मनगटावर तो टेकवला. लव न दुखता उतरली. त्यांनी आपली मजुरी सांगितली, मी दिली. तरुणाला म्हणाले, "वस्तरा बजारात भेटते बापा, धार नाही भेटत. ते रोज करा लागते."

परतताना तरुणाने दोनशे कलमांची नोंदणी केली होती, आणि खिशात अर्ध्या ब्लेडचा साधा वस्तरा होता. मी आता रविवारी सकाळी वडिलांच्या वस्तऱ्याने दाढी करतो. घाई असली की ब्लेडने. पट्ट्यावर पाते फिरवताना त्या सुटीतल्या दिवसाची आठवण येते. जे काम येत नाही ते आधी विचारावे, मग हात घालावा. शेतातही, आणि आरशापुढेही.

कधी शेंदूरजनाघाटला गेलात तर कलमे निवडून घ्या, नोंद असलेल्या पन्हेरीतून घ्या, आणि कारागिराचा चाकू औषधात बुडतो की नाही ते जरूर पाहा.