शत्रुंजयाची उतरण

चातुर्मासात थांबलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते आणि पालिताण्याच्या जय तळेटीवर पहाटेच्या अंधारातच भाविकांची दाटी होते. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या, सुमारे सहाशे मीटरांची उंची आणि बहुतेकांचे पाय अनवाणी. हिंगळाजच्या हड्याची खडी चढण सर्वांना धाप लावते. परंतु तेथे प्रत्येक पाऊल जपून पडत असते. भय असते ते उतरणीचे. आदीश्वरदादांचे दर्शन झालेले, मन तृप्त, मांड्या मात्र शिणलेल्या आणि गुडघे लटपटणारे. गिरिराजावर अन्न घेण्याची रीत नाही. छठ करून सात यात्रा करणारे तर दोन दिवस पाण्याचा थेंबही न घेता सात वेळा चढतात आणि उतरतात.

तोल गेला की हात आपसूक पुढे येतो आणि गळपट्टीचे हाड मोडते. कुशीवर पडल्यास पायरीची दगडी कड बरगडीत बसते. मोडलेली बरगडी दीर्घ श्वास घेताना, खोकताना कळ देते. तिला जुळून येण्यास साधारण सहा आठवडे लागतात. छाती घट्ट आवळून बांधण्याचा जुना उपाय आता वैद्यकशास्त्र मानीत नाही, कारण त्याने श्वास उथळ होतो आणि फुप्फुसात कफ साचतो. खांदा निखळला असल्यास तो ओढून बसविण्याचा किंवा चोळण्याचा उत्साहही सोबत्यांनी आवरावा. हात झोळीत घ्यावा, एवढे पुरे.

याहून फसवे दुखणे निराळेच आहे. मार डाव्या बरगड्यांना बसतो आणि दुखतो डावा खांदा, ज्याला दगड लागलेलाही नसतो! डाव्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते. ती फाटून रक्त पोटात झिरपले की श्वासपटल चुरचुरते, आणि त्या पटलाची नस मानेतून येत असल्यामुळे वेदना खांद्यावर उमटते. आडवे होताच ती वाढते. उजवीकडे यकृताच्या इजेने उजवा खांदा असाच दुखू शकतो. हा रक्तस्राव कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही उघड होतो. म्हणून धर्मशाळेत बाम चोळून झोपी जाणे धोक्याचे. घाम, घेरी, फिकट चेहरा दिसल्यास तर क्षणाचाही विलंब नको. शिवाय पडण्यापूर्वीच छातीत कळ आली होती काय, हेही विचारावे. काही वेळा हृदयविकाराची घेरीच माणसाला पाडते.

दुखणे लपविण्यामागे बहुधा पच्चक्खाण मोडण्याची भीती असते. ती अनाठायी आहे. उपवासाच्या पच्चक्खाणातच सर्वसमाधिप्रत्यय आगार आहे. तीव्र वेदनेने समाधी ढळत असता औषध घेण्याची मोकळीक पूर्वाचार्यांनी ठेवली आहे. मनात शंका उरल्यास गुरुमहाराजांना नंतर विचारता येईल.

जखमीला चालवीत खाली आणू नये. डोली असतेच; तीत बसवून सावकाश उतरवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. किती वाजता पडले, कोणत्या कुशीवर, अन्नपाणी शेवटचे केव्हा घेतले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय, एवढे सोबत्याने डॉक्टरांना न विसरता सांगावे.