वस्तऱ्याची उमेदवारी

न्हाव्याची उमेदवारी वस्तऱ्यापासून सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती केरसुणीपासून सुरू होते. अहेरीस एका केशकर्तनालयात आम्ही शिकाऊ म्हणून राहिलो, तेव्हा आरंभीचे कित्येक दिवस केस झाडण्यात व टॉवेल धुण्यात गेले. मग फुग्यावर साबणाचा फेस लावून वस्तरा फिरविण्याची पाळी आली. फुगा फुटला नाही, म्हणजे मनुष्याच्या गालाचा अधिकार प्राप्त होतो! प्राणहितेकाठच्या या गावी गिऱ्हाइकांच्या तोंडी मराठी, तेलुगू, माडिया अशा नाना बोली. परंतु मान किंचित वळवावी, हे बोटाच्या हलक्या स्पर्शानेच सांगावे लागते.

आमच्या उस्तादांचा एक दंडक होता. गालावर फोड असेल तेथे, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, वस्तरा लावावयाचा नाही. गिऱ्हाईक रागावून उठून जाई, पैसे बुडत. उस्ताद मात्र ढळत नसत.

पुढे आमच्या वाचनात आले की, सन १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला होता. हातावर पोट असणाऱ्यांनी रूढीला व मिळकतीला एकदमच नकार द्यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. फोडाची गोष्ट तिच्यापुढे अगदी लहान. तथापि दोहोंतील संयम एकाच जातीचा. वस्तरा चालविणे हातास काही महिन्यांत साधते. तो कोठे उचलू नये, हे कळण्यास मात्र आमची उमेदवारी अद्याप चालूच आहे.