नाव एक, काम दुसरं

चीनच्या सिचुआन प्रांतात लियांगशान भागातल्या यी लोकांची स्वतःची लिपी आहे. तिच्यात एका चिन्हात अख्खा उच्चार मावतो. १९९९ साली ही लिपी १,१६५ चिन्हांसह युनिकोडमध्ये आली आणि संगणकावर लिहिण्याची सोय झाली.

गंमत म्हणजे त्यातल्या एका चिन्हाचं नाव चुकलं. त्याला 'वू' अक्षर म्हटलं गेलं. प्रत्यक्षात ती आधीचा उच्चार पुन्हा म्हणायची खूण! जुन्या मराठी लिखाणात 'हळू २' लिहीत ना, त्याच जातीची. पण युनिकोडमध्ये एकदा दिलेलं नाव बदलत नाही. त्यामुळे खरं नाव दुरुस्ती म्हणून शेजारी नोंदवलं आहे, एवढंच.

हे वाचलं आणि आमचा मुलगा आठवला. शाळेत त्याच्या नावाचा 'ळ' कधीच 'ळ' राहत नाही, आणि हल्ली तो स्वतःही तसंच सांगतो. रजिस्टर बदलणं आपल्या हातात नाही. यी लोकांची खूण मात्र तिच्या खऱ्या कामासाठी वापरली जाते, म्हणून ती टिकते. तेव्हा निदान घरी तरी मुलांना 'ळ'सकट हाक मारू या!