नुसतंच फिरायला

आमच्या घरात सायकल होती, पण ती आमची नव्हती. ती अब्बांची होती. काळी ॲटलस, मधे आडवी दांडी, मागे भक्कम कॅरियर. फजरची नमाज झाली की अब्बा कल्याणच्या बाजारपेठेतल्या बेकरीतून पाव-बटर घेऊन निघत आणि शहाड, मोहने, आंबिवली करून दहापर्यंत परत येत. दहानंतर ती सायकल भावाची. आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला यायची ती फक्त तिची पुसापुशी. जुन्या बनियनच्या फडक्याला थोडं रॉकेल लावून रिम चकचकीत करायच्या, आरे एकेक करून पुसायचे. त्या सायकलचा एकेक नट आम्हाला भावापेक्षा जास्त ठाऊक होता. बसलो मात्र कधी नव्हतो.

आम्ही म्हणजे थोरली आणि धाकटी. या विषयावर दोघींचं म्हणणं एकच आहे, त्यामुळे हातात पेन कुणाच्या आहे याला महत्त्व नाही.

सायकल आम्ही शिकलो खडवलीला. आमचे खालू रेल्वेत पॉइंट्समन होते आणि खाला तिथे राहायची. कसारा लोकलने कल्याण सोडलं की शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. ही लाइन फार जुनी. मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली आणि १८५५ साली रूळ कल्याणहून पार वाशिंदला पोचलेसुद्धा. पण रूळ लवकर आले म्हणून गाव लवकर बदललं नाही. १९७९ च्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला गेलो तेव्हा स्टेशनाबाहेर दोन टांगे, एक चहाची टपरी आणि पुढे नुसती भातखाचरं होती. थोरली तेरा वर्षांची, धाकटी अकराची.

खालूंची सायकल अंगणात उभी असायची. आम्ही तिच्याभोवती घुटमळतोय हे खालाने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने आम्हाला उठवलं आणि म्हणाली, "चला गं पोरींनो, उजाडायच्या आत."

"खाला, कुणी बघितलं तर?"

"इथं कोण बघतंय? बघितलं तर म्हशी बघतील."

नदीकडे जाणारा रस्ता होता. निम्मा डांबरी, निम्मा खडीचा. दांडीखालून पाय घालून आम्ही कैची सायकल शिकलो. खालाला स्वतःला सायकल येत नव्हती. पण साडीचा ओचा खोचून ती कॅरियर धरून मागे धावायची. आज विचार करतो तेव्हा वाटतं, ती त्या वेळी जेमतेम पस्तिशीची असेल. धावताना हसायची. तिचं ते हसू आम्ही घरात कधी ऐकलं नव्हतं.

आठवड्याभरात धाकटी एकटी चालवायला लागली आणि त्याच दिवशी तिची ओढणी चेनमध्ये गेली. ती तोंडावर पडली, हनुवटीला तीन टाके. ती खूण अजून आहे. कल्याणला परतल्यावर आम्ही सांगितलं, विहिरीच्या पायरीवरून घसरली. पण मोहल्ल्यातले एक चाचा सहकुटुंब नदीवर सहलीला आले होते आणि त्यांनी आम्हाला पाहिलं होतं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर ते अब्बांना गाठून बरंच काही बोलले. पोरी मोठ्या झाल्या, लोक नावं ठेवतील, वगैरे.

अब्बा घरी आले, जेवले, काही बोलले नाहीत. आम्ही आतल्या खोलीत श्वास रोखून बसलो होतो. संध्याकाळी ते सायकल घेऊन बाहेर गेले आणि आले तेव्हा सायकलला पूर्ण झाकणारं चेनकव्हर बसवलेलं होतं. अब्बा स्वतः लेंग्याला क्लिप लावत, भाऊ पँटला. त्या दोघांना चेनकव्हरची काही गरज नव्हती.

हे इतकं सोपं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. अब्बांनी चेनकव्हर बसवलं, पण "चालवा" असं तोंडाने कधी म्हटलं नाही. आणि आम्हीही विचारलं नाही. कल्याणच्या रस्त्यावर आम्ही एकदाही सायकल चालवली नाही. सुट्टीत खडवलीला गेलो की चालवायची, तीही उजाडायच्या आत. १९८५ ला थोरलीचं लग्न झालं, तीन वर्षांनी धाकटीचं. मग पस्तीस वर्षं काही नाही.

या पस्तीस वर्षांत जगात मात्र बरंच काही घडत होतं. १९९१-९२ मध्ये तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या. त्यांत आपल्या समाजाच्या बायकाही होत्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेलं आम्ही फार उशिरा वाचलं. २००६ साली बिहार सरकारने शाळेतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. २०१२ मध्ये हैफा अल-मन्सूर या सौदी दिग्दर्शिकेचा 'वजदा' हा चित्रपट आला. हिरव्या सायकलसाठी धडपडणाऱ्या एका मुलीची गोष्ट. पुढच्याच वर्षी सौदीत बायकांना बागेत सायकल चालवायची मुभा मिळाली, तीही सोबत घरचा पुरुष हवा या अटीवर. ही बातमी वाचून आम्ही दोघी फोनवर खूप हसलो. मग थोरली म्हणाली, "आपल्याला तर अट घालायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. आपण आपणच बंद केली." त्यावर फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

लॉकडाऊनमध्ये मुलांनी व्यायामासाठी सायकली घेतल्या आणि लॉकडाऊन उठताच त्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी आल्या. त्याच काळात, ३ जून २०२० ला, ॲटलसचा शेवटचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा. अब्बा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. २०२१ च्या हिवाळ्यात आम्ही त्या दोन सायकली टेम्पोत घालून खालाच्या घरी नेऊन ठेवल्या. तेव्हापासून दर रविवारी पहाटेची कसारा लोकल.

थोरली बुरखा घालते, धाकटी घालत नाही. या बाबतीत आमचं चाळीस वर्षांत एकमत झालेलं नाही आणि आता होईल अशी आशाही नाही. थोरली बुरख्याच्या घेराला कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावते आणि सायकलवर बसते. अजून एकदाही घेर चेनमध्ये गेलेला नाही.

आमची एक भाची नोकरीनिमित्त फ्रान्सला असते. तिलाही सायकलचा नाद. ती सांगते, तिथे गावागावांतून जाणाऱ्या छोट्या रस्त्यांना 'डी' अक्षराचे नंबर असतात आणि नकाशात ते वेगळ्या रंगाने दाखवतात. मोठा रस्ता सोडायचा, बारीक रेघ धरायची आणि दिवसभर द्राक्षमळ्यांतून फिरायचं. आपल्याकडेही खरं तर अशी खूण आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्य मार्गाचं हिरवं आणि गावाच्या रस्त्याचं नारिंगी. शांत रस्ता हवा असेल तर नारिंगी दगड शोधावा. आणि दगड पडलेला असेल, बहुधा असतोच, तर दूधवाल्याला विचारावं. कोणत्या रस्त्याला कुत्री आहेत, कुठे चढ आहे, कोणती मोरी खचलीय, हे त्याच्या डोक्यात असतं. अब्बांच्याही होतं.

आमचे ठरलेले रस्ते दोनच. एक नदीकडे आणि पूल ओलांडून पडघ्याच्या दिशेने. मे महिन्यात ओढे-नाले कोरडे पडले तरी भातसा नदी वाहत असते, कारण धरणातून सोडलेलं मुंबईचं पाणी पिसे बंधाऱ्यापर्यंत याच पात्रातून जातं. पुलावर थांबायचं, थर्मासमधला चहा प्यायचा. पावसाळ्यात मात्र आम्ही पाण्याजवळ जात नाही. या पात्रात सहलीला आलेली किती तरी तरुण पोरं बुडाली आहेत, आणि खाला त्या प्रत्येक पोराच्या आईसाठी दुआ करायची.

दुसरा रस्ता फळेगाववरून टिटवाळ्याकडे. वाटेत रुंद्याला काळू नदी लागते. तिथला पूल पावसाळ्यात पाण्याखाली जायचा आणि दोन्हीकडची गावं तुटायची, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाऊस थांबला की हा रस्ता सगळ्यात सुंदर. दोन्ही बाजूंना भात, बांधावर पळस, हवा स्वच्छ असली तर लांब माहुलीचे सुळके. भात निघाला की त्याच खाचरात वाल. एखादी वीटभट्टी धुमसत असते. तासाभरात चार मोटारसायकली आणि एक टमटम भेटली तर गर्दी झाली म्हणायची.

याच रस्त्यावर एका जूनमध्ये पहिल्या पावसानंतर एक म्हातारी शेवळं घेऊन बसली होती. आम्ही उतरलो. शेवळं आणि काकडं घेतली. खिम्यात शेवळं घालायची आमच्या अम्मीची पद्धत. म्हातारीने आमच्या सायकलींकडे पाहिलं, थोरलीच्या चिमट्यांकडे पाहिलं.

"कुठं, टिटवाळ्याला देवाला निघालात?"

"नाही आजी."

"मग कुणाकडं लग्नकार्य?"

"नाही. फिरायला."

"नुसतंच?"

"नुसतंच."

तिने पुन्हा एकदा आमच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं हाय." आणि मूठभर शेवळं वर टाकली.

आम्ही पुढे बराच वेळ याच शब्दावर बोलत होतो. नुसतंच. आयुष्यात घराबाहेर पडताना प्रत्येक वेळी आमच्याकडे कारण तयार असायचं. शाळा, बाजार, दवाखाना, मय्यत, लग्न. कारणाशिवाय कुठे गेलोय असं आठवतच नव्हतं. आणि हे फक्त आपल्याच समाजात असतं असं नाही. म्हातारीलाही आधी देवच सुचला.

आता हा रस्ता किती दिवस शांत राहील, माहीत नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आमणे इथून लांब नाही. त्या महामार्गावर दुचाकीलाच बंदी, तिथे सायकलचं नाव कुठे काढता! तो त्याच्या जागी असता तर आमची तक्रार नव्हती. पण त्याच्या कामाच्या काळात मुरमाचे डंपर आमच्या रस्त्यावर यायला लागले ते कायमचे आले. भिवंडीची गोदामं महामार्गाच्या कडेने पडघ्यापर्यंत सरकली आहेत आणि कंटेनर दिवसरात्र धावतात. २०२३ च्या जुलैत महामार्गावर खडवली फाट्याला सकाळी प्रवासी जीपला कंटेनरने उडवलं, सहा जण गेले. ही माणसं सहलीला निघालेली नव्हती. सकाळची लोकल पकडायला खडवली स्टेशनकडे येत होती. त्या रविवारी आम्ही गेलो, पण सायकली बाहेर काढल्या नाहीत. तेव्हापासून फाट्याकडे जातच नाही. पुलाच्या थोडं पुढे जाऊन वळतो.

खाला गेल्या वर्षी वारली. शेवटच्या दोन वर्षांत तिला दिसत नव्हतं. आम्ही परतलो की अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या घंटीचा आवाज ओळखायची आणि विचारायची, "कुणी बघितलं नाही ना?" आणि स्वतःच हसायची.

तिची मुलं मुंब्र्याला असतात. घर विकायचं म्हणतात आणि त्यांची अडचण आम्हाला कळते. बंद घराला वाळवी लागते. भाव चांगला येतोय. आम्ही काही बोललो नाही. सायकली शेजारच्या घरी गोठ्यात हलवल्या. त्या काकींनी भाडं घ्यायला साफ नकार दिला. पण त्यांची नात यंदा दहावीला आहे, शाळा लांब, टमटम वेळेवर मिळत नाही. मग सोमवार ते शनिवार थोरलीची सायकल ती नेते.

पोरगी उंच आहे. दर रविवारी सीट चांगली चार बोटं वर गेलेली असते आणि ती खाली केल्याशिवाय थोरलीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. जाताना पुन्हा वर करून ठेवावी लागते. पाना आम्ही आता पर्समध्येच ठेवतो.