वर्दी आणि चुडीदार

माझ्या वहीच्या मागच्या पानांवर कपड्यांची चित्रं असतात. डॉर्ममध्ये मी ती कुणाला दाखवत नसे. मुलं हसतील असं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला आजीबरोबर 'वक्त' पाहिला. सिनेमा १९६५ चा, पण साधनाचा अंगाबरोबर बसलेला कुर्ता आणि चुडीदार आजही जुना वाटत नाही. सगळी कमाल बेतण्यात आहे. आजी म्हणाली, "हे कपडे आपल्या कोल्हापूरच्या भानूचे!"

म्हणजे भानू अथैया. 'आम्रपाली'साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'साहिब बीबी और गुलाम'चे (१९६२) कपडेही त्यांचेच. त्याचे निर्माते गुरुदत्त तर जन्माने आपल्या बेंगळुरूचे.

शाळेत परतल्यावर वार्षिक दिनाच्या नाटकाचे कपडे ठरवण्यासाठी मी हात वर केला. पहिल्या चित्रात झालर, पट्टे, बटणं, सगळंच कोंबलं होतं. मग खुंटीवरच्या वर्दीकडे नजर गेली. तिच्यावर एकही शिवण उगाच नाही. साधनाच्या कुर्त्यावरही नव्हती. मी निम्मं चित्र खोडून टाकलं.

टेलर मास्टरांनी कागद निरखून विचारलं, "कुणी काढलं?"

मागे अख्खा सेक्शन उभा होता. क्षणभर जीभ अडखळली. मग सावधानमध्ये उभा राहून म्हणालो, "मी काढलं, मास्टरजी."

त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली.